कॉफीचा वास आठवड्यात उडतो, पूड सादळते: दोष डब्यात आहे का, कसं ओळखायचं

बडोद्यातल्या ओळखीच्या मराठी घरांसाठी मी चिकमगळूरहून कॉफी एकत्र मागवते. पार्सल आलं की पुड्या वाटल्या जातात आणि पंधरवडा उलटला की फोन सुरू होतात: "अगं, या वेळची कॉफी काही बरोबर नाही आली." एकाच भट्टीतली, एकाच दिवशी दळलेली कॉफी रावपुऱ्यातल्या एका घरी महिनाभर छान राहते आणि दांडिया बाजारातल्या दुसऱ्या घरी आठवड्यात उतरते. अशा वेळी कॉफीवाल्याला बोल लावण्यात अर्थ नसतो. घरातच काहीतरी चुकत असतं, आणि ते शोधायचा माझा क्रम आता ठरलेला आहे. आधी फुकटातल्या तपासण्या करायच्या, मग थोड्या खर्चाच्या. नवा डबा विकत घेणं बरंच शेवटी येतं.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते आधी ठरवा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

- डबा उघडल्यावर वासच येत नाही. कॉफी केली तर कडू लागते, पण कॉफीची चव नाही, पांचट.
- पुडीचे गोळे होतात, चमचा रुतत नाही. इन्स्टंट कॉफी असेल तर बरणीच्या तळाशी चिक्कीसारखी घट्ट वडी बसते.
- फिल्टरमध्ये डिकॉक्शन (पुडीतून खाली गळणारा कॉफीचा दाट अर्क) पूर्वी व्यवस्थित उतरायचं, आता तासभर थेंब थेंब गळत राहतं.
- हिंग, गरम मसाला, साबण किंवा नुसत्या प्लास्टिकचा वास लागतो.
- खवट वास, जुन्या शेंगदाण्यासारखा.
- कुबट वास, किंवा पुडीवर पांढरट-हिरवट ठिपके.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं काही करू नका. ती कॉफी टाकून द्या, वरची काढून खालची वापरू नका. बुरशी दिसते त्याच्या खालीही पसरलेली असते.

सगळ्यात आधी: पुडा कधी उघडला?

आपल्या घरांत चहा रोजचा आणि कॉफी पाहुण्यांची. उपासाला, रविवारी संध्याकाळी, कुणी आलं तर. पण पुडा मात्र अर्धा किलोचा आणलेला असतो, कारण तो स्वस्त पडतो. दिवाळीत उघडलेला पुडा होळीला निम्मा शिल्लक असेल, तर जगातला कोणताही डबा ती कॉफी वाचवू शकत नाही.

याचं कारण असं. कॉफी भाजताना दाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आणि भाजल्यानंतर कित्येक दिवस तो हळूहळू बाहेर पडत राहतो. दाणा अख्खा असेपर्यंत आतला वास बराचसा आतच अडकून असतो. दळलं की दाण्याचे बारीक तुकडे होतात, हवेशी भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि वायूबरोबर वासही निघून जातो. त्याच वेळी हवेतला ऑक्सिजन आतल्या तेलांवर काम सुरू करतो. म्हणून दळलेली कॉफी उघडल्यावर एक-दोन आठवडे उत्तम, महिनाभर बरी. अख्खे दाणे नीट ठेवले तर महिनाभर चांगले राहतात. त्यापुढे कॉफी विषारी होत नाही, फक्त तिच्यात प्यावंसं काही उरत नाही.

एका कपाला साधारण ८ ते १० ग्रॅम पूड लागते. म्हणजे २०० ग्रॅमच्या पुड्यात वीस-पंचवीस कप. आठवड्याला चारच कप होत असतील तर तुम्हाला १०० ग्रॅमचा पुडा हवा, नवा डबा नको. पुडा उघडला की त्या दिवशीची तारीख कागदी चिकटपट्टीवर लिहून डब्याला लावा. छापलेली तारीख बहुतेक वेळा पॅकिंगची असते, भाजल्याची नसते. दोन्ही दिलेल्या असतील तर भाजल्याची खरी माना.

चमचा आणि वाफ

गोळ्यांची तक्रार आली की मी पहिला प्रश्न विचारते तो चमच्याचा. बहुतेक घरांत असं चालतं: गॅसवर दूध किंवा पाणी उकळतंय, शेजारीच डबा उघडला, वाफेवरच चमचा नेऊन कॉफी टाकली, साखर ढवळली आणि तोच चमचा परत डब्यात. वाफ चमच्यावर जमते, चमचा पुडीत जातो. भाजलेल्या कॉफीत पाण्याचा अंश जेमतेम २-३ टक्के असतो, त्यामुळे ती मिळेल तिथून पाणी ओढून घेते.

चिकोरी मिसळलेली असेल तर हे आणखी वेगाने होतं. चिकोरीच्या भाजलेल्या मुळात शर्करा भरपूर असते आणि ती ओल शोषून चिकट होते. पुड्यावर कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण छापावंच लागतं, ते वाचा. ८०:२० पेक्षा ६०:४० ची पूड आपल्याकडच्या पावसाळ्यात नक्कीच आधी सादळते. इन्स्टंटचं तर विचारूच नका, ती पाण्यात विरघळण्यासाठीच बनवलेली असते.

उपाय फुकट आहे. वेगळा कोरडा चमचा, तोही डब्याच्या बाहेर ठेवायचा. कॉफी आधी कपात किंवा फिल्टरमध्ये काढून घ्यायची, डबा बंद करायचा, आणि मग गॅस पेटवायचा.

गोळे झालेल्या पुडीत तांदळाचे दाणे टाकायचा सल्ला हमखास मिळतो. मिठाच्या बाटलीत ते ठीक आहे. कॉफीत उलटं होतं. तांदळात पाण्याचा अंश १२-१४ टक्के असतो, म्हणजे तांदूळ कॉफीपेक्षा कितीतरी ओला. त्यामुळे ओल तांदळातून कॉफीत जाते. सादळलेली पूड उन्हात वाळवू नका, तव्यावर गरमही करू नका. पूड कोरडी होईल, पण उरलासुरला वासही जाईल. गोळ्यांना कुबट वास नसेल तर ते चमच्याने फोडून त्याच आठवड्यात संपवा. थंड कॉफीला चालते.

डिकॉक्शन न उतरण्याचं कारणही बहुधा हेच. ओलसर पूड फिल्टरच्या भोकांवर चिखलासारखी बसते. ताजी, कोरडी पूड टाकूनही उतरलं नाही तर मग दळण फार बारीक आहे किंवा वरची चकती जोरात दाबली जातेय. त्याचा डब्याशी संबंध नाही.

डबा कुठे ठेवलाय?

गॅसच्या वरच्या कपाटात, फ्रीजच्या डोक्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर. या तीन जागा मी प्रत्येक घरात पाहिल्या आहेत आणि तिन्ही वाईट. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि गॅसवरच्या कपाटात त्याहून जास्त उष्मा असतो. उष्णतेने तेलं भराभर खवट होतात. फ्रीज मागून-वरून सतत गरम हवा सोडत असतो. खिडकीत काचेची बरणी सुंदर दिसते, पण उजेड कॉफीला सोसत नाही.

ओट्याखालचं कपाट चालेल, मात्र सिंकच्या बाजूचं नको आणि मसाल्यांच्या डब्यांशेजारीही नको. माझं मत विचाराल तर स्वयंपाकघराबाहेरचं भिंतीतलं फडताळ, खालचा कप्पा, ही घरातली सगळ्यात चांगली जागा. जागा बदलून दोन आठवडे पाहा. पुष्कळ घरांत तक्रार इथेच संपते.

डब्यात कॉफी किती, हवा किती?

लोकांना सर्वात कमी पटणारी तपासणी ही आहे आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचीही हीच. नेहमीचं चित्र असं: दोन लिटरचा देखणा डबा, तळाशी चार बोटं कॉफी. झाकण अगदी घट्ट. तरी वास गेलेला.

झाकण बाहेरची हवा अडवतं, आतली नाही. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. दीड लिटर रिकामी जागा म्हणजे तीनशे मिलिलिटरच्या वर ऑक्सिजन तुम्ही स्वतःच कॉफीबरोबर कोंडून ठेवला, आणि रोज झाकण उघडून तो ताजा करत राहिलात. शिवाय कॉफीतून सुटलेला वास त्या रिकाम्या जागेत साठतो आणि उघडल्याबरोबर निघून जातो. डबा उघडताक्षणी घरभर घमघमाट सुटला की आपल्याला बरं वाटतं, पण तो घमघमाट आता कपात येणार नसतो.

म्हणून डबा कॉफीच्या मापाचा हवा. २०० ग्रॅम पुडीला साधारण अर्ध्या लिटरची बरणी पुरते, दळण कसं आहे त्यावर थोडं कमीजास्त. मोठा पुडा आणलाच असेल तर तो दोन-तीन लहान बरण्यांत काठोकाठ भरा आणि एका वेळी एकच उघडा. लहान बरण्या नसतील तर कॉफी तिच्या मूळ पुड्यातच राहू द्या. हवा दाबून बाहेर काढा, तोंड दोन-तीनदा घट्ट दुमडा, क्लिप लावा आणि तो पुडा डब्यात ठेवा. पुडा संपत जाईल तसा आवळत जातो, डबा आवळत नाही. चांगल्या पुड्याला आतून धातूचा थर असतो आणि दाण्यांच्या पुड्याला बहुधा एक बारीक भोकाची झडप असते. त्या झडपेतून आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. असा पुडा फाडून कॉफी पातळ प्लास्टिकच्या डब्यात ओतणं म्हणजे चांगलं आवरण टाकून कमअस्सल घेणं. ताज्या कॉफीचा पुडा फुगलेला आला तर घाबरून परत करू नका, तो आतल्या वायूने फुगतो.

झाकण खरंच हवाबंद आहे का?

आपले दाबून बसणाऱ्या झाकणाचे स्टीलचे डबे डाळ-तांदळाला उत्तम आहेत. कॉफीला ते पुरत नाहीत, कारण धातूवर धातू बसताना मध्ये केसाएवढी फट राहतेच. घट्ट लागतंय, नखाने उचकटावं लागतं, एवढ्यावरून तो हवाबंद ठरत नाही.

तपासायला पाच मिनिटं लागतात. डबा रिकामा करून झाकण लावा आणि बादलीतल्या कोमट पाण्यात पूर्ण बुडवून दाबून धरा. कोमट पाण्याने आतली हवा फुगते आणि फट असेल तिथून बाहेर येते. सुरुवातीला काठाला चिकटलेले दोन-चार बुडबुडे सुटतील, ते सोडून द्या. एकाच जागेवरून बुडबुड्यांची माळ लागली तर तिथे गळती आहे. काचेची बरणी असेल तर पाणी अगदी कोमटच घ्या, कडक पाण्यात काच तडकते.

गळती सापडली तर आधी रिंग पाहा. सिलिकॉनची किंवा रबराची रिंग काढा, धुवा, तिच्या खाचेतली जुनी पूड टूथब्रशने काढा, पूर्ण वाळवा, परत बसवा आणि पुन्हा बुडवून पाहा. पुडीचे चार कण रिंगेखाली अडकले तरी झाकण नीट बसत नाही. रिंग कडक झाली असेल, ताणून सैल पडली असेल, चिरली असेल, तर तेवढीच बदला. मंगळबाजारात भांड्यांच्या दुकानांत डबा नेऊन दाखवलात तर मापाची रिंग मिळण्याचा संभव असतो. नाहीच मिळाली तर तो डबा पोह्यांना द्या.

डब्याला जुना वास

प्लास्टिक वास धरतं. ज्या डब्यात एकदा गोडा मसाला किंवा लोणचं होतं, तो कितीही घासला तरी कॉफीसाठी कायमचा बाद. काच आणि स्टील वास धरत नाहीत, पण त्यांची रिंग धरते. म्हणून रिंग वेगळी हुंगून पाहा.

खवटपणाचं कारण अनेकदा बरणीच्या भिंतीवर असतं. गडद भाजलेल्या कॉफीचं तेल आतून पातळ थर धरतं. आपण नवी कॉफी जुन्या तळावरच ओतत राहतो आणि नव्या कॉफीला पहिल्या दिवसापासून जुन्या तेलाचा वास लागतो. दरवेळी बरणी पूर्ण रिकामी करा, गरम पाणी आणि साबणाने धुवा, कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर कोरड्या फडक्याने पुसून रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवा. आतला एक थेंबसुद्धा पुढच्या पुडीचे गोळे करतो.

आता जायफळाविषयी. आपल्या कॉफीत जायफळ हवंच, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण जायफळाचा तुकडा कॉफीच्या डब्यात ठेवायची पद्धत सोडा. कॉफी त्याचा वास शोषून घेते, प्रत्येक कप सारखाच लागतो आणि कॉफी कधी उतरली ते कळतच नाही. जायफळ कपावर ताजं किसा, ते जास्त चांगलंही लागतं.

नवा डबा घ्यायचाच असेल तर

इथवर येऊनही डबा बदलावासा वाटला तर माझी निवड सरळ आहे: सिलिकॉन रिंगेच्या झाकणाची, अर्ध्या लिटरच्या आतली काचेची बरणी, ठेवायची अंधाऱ्या कपाटात. काच आपल्या गावालाही नवी नाही, येराच्या बरण्या इथल्याच. उजेडाची जागा टाळता येत नसेल तर स्टीलची घ्या, पण रिंगेच्या झाकणाची. सरकतं आतलं झाकण असलेले डबेही मिळतात, ते कॉफीच्या पातळीपर्यंत खाली दाबता येतं. रोज थोडी थोडी कॉफी काढणाऱ्याला हा प्रकार सगळ्यात उपयोगी पडतो.

पंपाने हवा ओढणारे डबे महाग असतात. निर्वात डब्यात कॉफी भरण्याची युक्ती जुनी आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स ब्रदर्सने १९०० साली ती वापरात आणली. पण तिचा फायदा डबा पहिल्यांदा उघडेपर्यंत. घरी तुम्ही दिवसातून दोनदा उघडणार आणि प्रत्येक वेळी न कंटाळता पंप मारणार असाल तरच पैसे घाला.

फ्रीज आणि फ्रीझर

फ्रीजमध्ये कॉफी नको. आत लसूण आहे, कालची भाजी आहे, आणि बाहेर जुलैची दमट हवा. गार डबा बाहेर काढून उघडला की हवेतली वाफ थेट पुडीवर जमते. रोज हे होत राहिलं की आठवड्यात गोळे.

फ्रीझरची गोष्ट वेगळी. कुणी बंगळुरूहून किलोभर कॉफी आणली असेल तर ती फ्रीझरमध्ये महिनोन्महिने चांगली राहते, पण अटी पाळाव्या लागतात. आठवड्याला पुरेल एवढे लहान हवाबंद पुडे करायचे. एक बाहेर काढला की न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, चार-पाच तास किंवा रात्रभर. मगच उघडायचा, आणि परत आत ठेवायचा नाही.

तरीही फरक पडला नाही तर

एक चाचणी करा. नव्या पुड्यातली दोन चमचे पूड छोट्या झिप पिशवीत, हवा काढून, फ्रीझरमध्ये टाका. उरलेली नेहमीच्या डब्यात. दहा दिवसांनी दोन्हींची सारखी कॉफी करा आणि कोणती कुठली हे न सांगता घरच्यांना प्यायला द्या. फ्रीझरमधली स्पष्ट चांगली लागली तर दोष अजून घरातच आहे, पुन्हा जागा आणि झाकण तपासा. दोन्ही सारख्याच निर्जीव लागल्या तर डब्यांवर खर्च करणं थांबवा. कॉफी तुमच्याकडे आली तेव्हाच जुनी होती. पुड्यावरची तारीख आणि बॅच क्रमांक घेऊन विक्रेत्याशी बोला, किंवा पूड सोडून दाणे आणि हातानं फिरवायचं ग्राइंडर घ्या. खर्च एकदाच होतो आणि मी ज्या घरांना हे पटवू शकले तिथून फोन येणं बंद झालं आहे.

कुणाला बोलवायचं

कॉफीच नव्हे, मीठ, साखर, पापडही सादळत असतील, कपाटाची मागची भिंत हाताला गार-ओली लागत असेल, तर डबे बदलून काही होणार नाही. सिंकची नळी किंवा भिंतीतला पाइप गळतोय. प्लंबरला बोलवा, आणि वॉटरप्रूफिंगचं काम असेल तर ते करणाऱ्याला. विश्वामित्रीचं पाणी ज्या सोसायट्यांत शिरतं तिथे तळमजल्याच्या भिंती पुढे कित्येक आठवडे ओल सोडत नाहीत. तोवर कॉफी वरच्या खोलीत ठेवा. पुराचं पाणी लागलेला डबा कितीही हवाबंद असला तरी आतली कॉफी वापरू नका.

पुडीत किंवा शेजारच्या डब्यांत बारीक तपकिरी किडे दिसले तर तो फक्त कॉफीचा प्रश्न नसतो. ते बहुधा पीठ, मसाले किंवा सुकामेव्यातून आलेले असतात. लागण झालेलं सगळं टाका, कपाट रिकामं करून पुसा. पुन्हा दिसले तर पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा, स्वतः फवारा मारू नका. ते येतील त्या दिवशी कॉफी, चहा, मसाले, सगळं स्वयंपाकघराबाहेर काढा आणि ते सांगतील तेवढा वेळ थांबून, फळ्या पुसून कोरड्या झाल्यावरच परत लावा.